पुनरुक्ती म्हणून काढलेली ओळ

रामनगरच्या बाजारात आमच्या घराची ओळख ‘इथे कॉम्प्युटरचे काम चालते’ एवढीच आहे. त्यामुळे आठवड्यातून एकदा तरी कोणी आधार कार्डाची झेरॉक्स काढायला येते, कोणी मोबाइलची काच बदलायला. दोन्ही इथे होत नाही म्हटल्यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग होते काय? इतक्या वर्षांत याचे एका वाक्यात उत्तर मला देता आलेले नाही. इथे थोडे सविस्तर देते, कारण ज्या प्रकरणाबद्दल लिहायचे आहे ते त्याशिवाय समजणार नाही.

संगणकावर फाइली ठेवण्याच्या व्यवस्थेला फाइल सिस्टिम म्हणतात. कोणती फाइल डिस्कवर कुठे आहे, किती लांबीची आहे, हे तिला ठाऊक असते. हे काम सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या पोटात चालते. पण एक लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, अशी आहे की तिच्या आधाराने कोणताही साधा प्रोग्राम स्वतःच डिस्क असल्यासारखा वागू शकतो. लायब्ररी सी भाषेत आहे. ती वापरू पाहणारे लोक पायथन या भाषेत लिहितात. दोघांमध्ये दुभाषा लागतो. आमच्या कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यात दुभाषा म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. घरात एक भाषा, कचेरीत दुसरी, बाजारात तिसरी. कोडमधल्या अशा दुभाष्याला बाइंडिंग म्हणतात. ते मी सांभाळते. लिहिले दुसऱ्याने होते. तो कंटाळून सोडून गेला आणि त्याच्या जागी माझे नाव लागले.

हे बाइंडिंग लिनक्स, विंडोज, मॅक आणि आणखी दोन-तीन कमी ज्ञात ऑपरेटिंग सिस्टिमवर चालावे लागते. प्रत्येक ठिकाणी ते नव्याने कंपाइल होते, म्हणजे माणसाला वाचता येणाऱ्या कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर होते. रूपांतर करणाऱ्या कंपायलरला कोडबरोबर काही सूचना द्याव्या लागतात. त्यांना फ्लॅग म्हणतात. अमुक इशारे दाखव, तमुक आकडा मोजायला इतकी जागा धर, जुन्या यंत्राला चालेल असे कर. अडचण अशी की या सूचना एकट्या माझ्याकडून जात नाहीत. लायब्ररी आपल्या सूचना पाठवते, पायथन आपल्या पाठवते, ऑपरेटिंग सिस्टिमची पॅकेजे, म्हणजे बसवायला तयार प्रोग्रामचे गठ्ठे, बांधणारे लोक वरून स्वतःच्या जोडतात. एका ठिकाणी चालणारी सूचना दुसऱ्या ठिकाणी कोणी ओळखत नाही. दोन सूचना एकमेकींच्या विरुद्ध असल्या तर बहुधा शेवटची खरी धरली जाते, आणि शेवटची कोणती हे प्रत्येक यंत्रावर वेगळे असते. दुरुस्ती लिनक्सवर केली की मॅकवर मोडते. मॅकवर जुळवली की विंडोजची तक्रार येते. वीस वर्षांचे काम थोडक्यात सांगायचे तर हेच.

त्याआधी मी बेळगावच्या एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. तिथे रोज संध्याकाळी एकच बातमी दोन वृत्तसंस्थांकडून यायची. दोन्ही वाचायच्या, एक ठेवायची, एक काढायची. पानावर जागा कमी आणि वेळ त्याहून कमी. एकच गोष्ट दोनदा दिसली की हात आपोआप तिकडे जाई. ती सवय कोडमध्येही आली. बहुतेक वेळा तिचा उपयोगच झाला.

या कामात गिऱ्हाईक समोर दिसत नाही. पत्रे येतात. एकाने तीन वर्षे दर महिन्याला एकच तक्रार पाठवली आणि शेवटी कळवले की चूक त्याच्या कीबोर्डची होती. एकजण आपल्या कुत्र्याच्या नावाने लिहीत असे. माझ्या लक्षात राहिलेले गृहस्थ मात्र परदेशातले एक दंतवैद्य आहेत. दवाखाना संपला की ते एका छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी पॅकेजे बांधतात. त्यांची पत्रे दोन ओळींची असतात आणि बहुधा बरोबर असतात. एका फेब्रुवारीत त्यांनी कळवले की फाइलमधले ठिकाण मोजण्याबद्दलची सूचना माझ्या बाइंडिंगमध्ये दोनदा येते, एकदा लायब्ररीकडून आणि एकदा आमच्याच जुन्या सेटिंगमधून, दोन्ही शब्दशः एक नाहीत, आणि त्यांच्याकडे अशा विसंगतीवर कंपायलर थांबतो.

लायब्ररीची सूचना होती: ठिकाण मोजायला नेहमी आठ बाइट वापरा. आमच्या सेटिंगमधली होती: यंत्राच्या रिवाजाप्रमाणे मोजा. आजच्या यंत्रांचा रिवाज आठ बाइटचाच आहे. म्हणजे अर्थ एकच. मी लायब्ररीची ओळ काढली, कारण ती लांब होती. माझ्याकडच्या तिन्ही संगणकांवर चाचण्या पास झाल्या. दंतवैद्यांनी लगेच विचारले, दोनपैकी ही का काढली, ती का नाही. मी उत्तर दिले, पुनरुक्ती होती. आणि तक्रार बंद केली. हे पाच मिनिटांत झाले.

आता दिग्गीबद्दल.

दिग्गी हे आमच्याच तालुक्यातले जंगलातले गाव. तिथला सोमा वेळीप गावच्या वनहक्क समितीचा सचिव आहे. वय चाळिशीच्या आत, बारावीपर्यंत शिक्षण, भाताची थोडी शेती. पिढ्यान्‌पिढ्या कसत आलेल्या जागांवर हक्क मिळावा म्हणून गावाने अर्ज केला होता. अशा अर्जात तीन पिढ्यांची वहिवाट दाखवावी लागते. कागद नसेल तिथे वृद्धांचा जबाब पुरावा म्हणून चालतो. जबाब लिहून घ्यायचा, वाचून दाखवायचा, अंगठा घ्यायचा. दिग्गीत नेमके इथेच अडले. फार पूर्वी कोणीतरी येऊन कोऱ्या कागदांवर अंगठे घेऊन गेले होते. कोण आले होते यावर गावात एकमत नाही. पण तेव्हापासून जुनी माणसे कागदाला हात लावत नाहीत. बोलायला सांगा, दिवसभर बोलतील. अंगठा म्हटले की उठून जातील.

सोमाने त्यावर मार्ग काढला: जबाब मोबाइलवर चित्रित करायचे, नंतर त्यावरून लिहून काढायचे, अंगठ्याचे मग पाहता येईल. गावाला हे पटवायला त्याला एक पावसाळा लागला. मोबाइलमध्ये जागा थोडी, म्हणून तो माझ्याकडे आला. समितीकडे बंद पडलेल्या एका शाळेतून आलेला जुना संगणक होता. मी त्यावर ‘पेटी’ बसवून दिली. हा माझाच प्रोग्राम, माझ्याच बाइंडिंगवर चालणारा. सगळे चित्रण एका मोठ्या फाइलीत कुलूपबंद राहते, बाहेरून साधे फोल्डर दिसते. मला त्याचा अभिमान होता, हे नोंदवायला हवे. सोमाने विचारले, मग मोबाइलमधले पुसले तर चालेल काय. मी म्हटले, “पेटीत गेलं की काळजी सोड. मोबाइलमधलं खुशाल काढून टाक.”

पहिल्या उन्हाळ्यात तीन जबाब झाले. पहिला नागो गावडा यांचा. दिग्गीत त्यांच्याएवढे वय कोणाचे नव्हते. पावणेदोन तास ते बोलले. कोणत्या जागेत कोणी नाचणी केली, कोणत्या वर्षी कुमरी, म्हणजे रान जाळून केलेली फिरती शेती, सोडून दुसरीकडे गेले, देवाचे रान कुठून सुरू होते. जागांची नावे त्यांना ओळीने पाठ होती. त्याच पावसाळ्यात नागो गेले.

पुढच्या मार्चमध्ये सोमा संगणक घेऊन आला. पंखा आवाज करत होता. तो साफ करताना मी पेटीही नवी करून दिली, म्हणजे बाइंडिंगची नवी आवृत्ती तिथेच कंपाइल करून बसवली. दंतवैद्यांची तक्रार बंद करून जेमतेम महिना झाला होता. त्या यंत्राचा रिवाज चार बाइटचा आहे, हे मला माहीत होते. आठवले नाही. तसली जुनी यंत्रे आता कोणी वापरत नाही म्हणून चाचण्यांच्या यादीतून ती मीच वगळली होती. सोमा जीपने परत गेला. दुसऱ्या उन्हाळ्यात आणखी सहा जबाब झाले.

सुनावणीला बारा दिवस राहिले असताना सोमा पुन्हा आला. संगणक तांदळाच्या पोत्यात गुंडाळलेला होता. सकाळच्या बसने निघून तो दुपारी पोचला होता. आत येऊन त्याने पाणीही घेतले नाही.

“अक्का, पेटी उघडत्या. नागोकाकाचं नाव बी दिसतंय. पण दाबलं की बाळगो बोलतोय.”

बाळगो हा दुसऱ्या उन्हाळ्यातला शेवटचा साक्षीदार. त्याचे बोलणे नागोंच्या नावाखाली येत होते. त्याच्या स्वतःच्या नावाखालीही तेच येत होते. मी आधी डिस्क तपासली. डिस्क ठीक होती. मग सोमाला विचारले, मध्येच वीज गेली होती का. त्याने सांगितले की एकदा त्यानेच वायर काढल्यामुळे गेली होती, आणि गावातले सगळे तेच म्हणत आहेत: सोम्यानं वायर उपटली म्हणून काका पुसून गेले. नागोंच्या मुलाने त्याच्याशी बोलणे सोडले होते. समितीच्या बैठकीत सचिव बदलायचा विषय निघाला होता.

वीज गेल्याने असे होत नाही. एका चित्रणावर दुसरे नीट येऊन बसते, याचा अर्थ ठिकाण चुकले. मी मागच्या वर्षीच्या आणि या वर्षीच्या कंपाइलच्या नोंदी शेजारी ठेवल्या. प्रत्येकी हजारभर ओळी. रात्रीच्या जेवणाची वेळ टळून गेली तेव्हा फरक सापडला. जुन्या नोंदीत असलेली एक ओळ नव्या नोंदीत नव्हती.

झाले ते असे. लायब्ररी ठिकाण आठ बाइटमध्ये सांगत होती, माझे बाइंडिंग त्यातले चारच वाचत होते. एकाने पायलीने ओतावे आणि दुसऱ्याने निम्मे माप पुढे धरावे, तसे. चार बाइटमध्ये सुमारे चार जीबीपर्यंतचे ठिकाण मावते. त्यापुढे आकडा पुन्हा शून्यावर येतो. आधीच्या आठ जबाबांनी पेटी चार जीबीच्या काठापर्यंत भरली होती. बाळगोचा जबाब काठापलीकडे सुरू झाला, आणि पलीकडे जायच्या ऐवजी पेटीच्या सुरुवातीला जाऊन बसला. सुरुवातीला नागो होते. फाइलींच्या नावांची यादी वेगळी राहते, म्हणून ती शाबूत होती. कुठेही चूक दाखवली गेली नाही. कंपायलरने इशारा दिला नाही. इशारा देणारी विसंगतीच मी मिटवली होती.

दैनिकात चूक झाली की सातव्या पानावर चार ओळींचा खुलासा जाई. तो नेहमी ‘अनवधानाने’ या शब्दाने सुरू व्हायचा. सोमाला सांगताना मला तो शब्द वापरता आला नाही. वायरीचा संबंध नाही, फेब्रुवारीत मी एक ओळ काढली, तिच्यामुळे झाले, इतके सांगितले.

त्याचा पहिला प्रश्न होता, “म्हणजे म्या वायर काढली म्हणून न्हवं?”

न्हवं, म्हटले. त्याने तोंडावरून हात फिरवला आणि खुर्चीत मागे टेकला. चेहऱ्यावर सुटका दिसत होती. ती पाहणे कठीण गेले. थोड्या वेळाने तो म्हणाला, “हे तुमी गावात येऊन सांगाल न्हवं? माझं कोण ऐकनार न्हाई.”

दुसरा दिवस काय उरले आहे ते शोधण्यात गेला. नागोंचे चित्रण बाळगोच्या चित्रणापेक्षा लांब होते. म्हणजे शेपूट वाचले असणार. वाचले होते: अकरा मिनिटे. त्यात नागो पडवीत बसून पान खाताहेत. म्हशीच्या पायाला काय झाले ते सोमाला विचारताहेत. चुना कुठे ठेवला ते सुनेला विचारताहेत. शेवटी मोबाइलकडे पाहून म्हणतात, “आता बंद कर ते. सगळं सांगून झालं.”

अकरा मिनिटांत एकाही जागेचे नाव नव्हते.

आम्ही दिग्गीला गेलो. रस्ता शेवटी शेवटी चालण्याचाच राहतो. देवळापुढे वीस-पंचवीस माणसे जमली होती. जे घडले ते मी सांगितले. फ्लॅग, बाइट हे शब्द वगळून सांगितले: यंत्राला द्यायची एक सूचना मी काढली, ती हवी होती, सोमाचा दोष नाही. कन्नड शाळेत शिकलेल्या दोघा-तिघांनी प्रश्न विचारले, ते रास्त होते. एकाने विचारले, काढली तेव्हा कोणी हटकले नाही काय. मी म्हटले, एकाने हटकले होते. मागून कोणीतरी म्हणाले, “पेपरात हुत्या न्हवं ह्या? मग छापून तरी ठेवायचं.” थोडे हसू झाले. नागोंचा मुलगा हसला नाही, पण सोमाशेजारी येऊन बसला.

नागोंची धाकटी बहीण पुनोकाकी पुढेच बसली होती. लग्न गावातच झालेले, म्हणून आयुष्यभर दिग्गीतच राहिलेली. तिने सगळे ऐकून घेतले आणि मला म्हणाली, “कुनाचं चुकलं ह्येचं आमाला काय करायचं हाय, बाय? नागो काय बोलला त्ये सांग.”

ते मला सांगता येत नव्हते. मी ते चित्रण कधी पाहिलेच नव्हते. पेटी बरोबर चालते की नाही एवढेच पाहिले होते.

सोमा म्हणाला, मला थोडे आठवते. नागोंच्या मुलाला थोडे आठवत होते. पुनोकाकी म्हणाली, माझ्या पायाखालच्या जागा मला ठाऊक हायत, पन नागोसारकं ओळीनं येनार न्हाई. मग प्रश्न आला की हे आता कशात ठेवायचे. सोमाने सवयीने मोबाइल काढला होता. पुनोकाकीने तो खाली ठेवायला लावला.

“कागुद आन,” ती म्हणाली.

बाळगो उठून थोडा बाजूला गेला, मग परत येऊन बसला. पुनोकाकीने एकदाच विचारले, हा तरी पुसून जाणार नाही ना. नागोंच्या मुलाने सांगितले की शाईचा अंगठा पुसत नाही. ती म्हणाली, “त्येच तर भ्या हुतं.”

लिहायला मी बसले, कारण माझे अक्षर वाचता येते. एक-एक जागा. कोंडीचा माळ. शेळपाकडची बाग. वरची खळी. एक सांगायचा, दुसरा हटकायचा, पुनोकाकी निकाल द्यायची. दोन ठिकाणी तिने डोळे मिटून नाव शोधले आणि सापडले नाही म्हणून सांगितले. खोटे नाव घालू नको, ती म्हणाली, जागा रागावत्या. संध्याकाळी सगळा जबाब मी वाचून दाखवला. तिने तो पुन्हा एकदा वाचायला लावला. मग अंगठा दिला. तिच्यामागोमाग आणखी तिघांनी दिले. चौघांची बोटे निळी झाली होती. नागोंच्या सुनेने घासायला राख आणून दिली.

त्यासोबत मी माझेही निवेदन जोडले: कोणत्या कारणाने मूळ चित्रण नष्ट झाले, दोष कोणाचा. सुनावणीत कोणी त्याबद्दल विचारले नाही. जबाब दाखल करून घेतला गेला, पुढील तारीख मिळाली, त्या तारखेला आणखी पुढील. सोमा सचिव आहे. बाइंडिंगमध्ये ती ओळ परत आली आहे. तिच्याऐवजी आमची जुनी सेटिंग काढली आहे. जुने यंत्र चाचण्यांच्या यादीत पुन्हा घेतले आहे. दंतवैद्यांना सगळे लिहून कळवले. त्यांनी उत्तरात लिहिले की हीच ओळ आणखी तीन प्रकल्पांतून काढलेली त्यांना सापडली, तिन्हीकडे कारण तेच दिले होते.

जबाबात अकरा जागांची नावे आहेत. नागो बोलत होते तेव्हा सोमा समोर बसून बोटांवर मोजत होता. तो म्हणतो, सतरा होती.